दोन घरांचं भेदरं

ते झाड आम्ही लावलंच नव्हतं. गोंदियाजवळ कुडव्यात आमच्या घरामागे भांडी घासायची मोरी आहे. तिच्या कडेला, शेजारच्या घराच्या आणि आमच्या मधल्या भिंतीला चिकटून ते आपोआप उगवलं. कधीतरी खरकट्यासोबत बी पडलं असेल. मला ते दिसलं तेव्हा मी उपटायलाच वाकले होते.

"उपटू नोको, बाई. भेदराचं रोप आहे थे," मागून आवाज आला.

मागे खुर्चीवर माझे सासरे बसले होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि टोमॅटोला भेदरं. मामाजींनी सारी हयात गावात धानाची शेती केली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून डॉक्टरांनी त्यांना काही महिने शहरातच राहायला सांगितलं होतं. शेत मोठे दीर बघत होते आणि मामाजी आमच्या मागच्या अंगणात खुर्चीवर बसून दिवस काढत होते. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला, जिना चढायला सांगितलं होतं. ते मामाजींनी ऐकून घेतलं होतं, एवढंच.

"मोरीतलं झाड कायले ठेवायचं?" मी म्हटलं.

"मोरीतलं कुठं? वरून टाकीचं चोखं पानी पडून राहिलं त्याच्यावर. तुझ्या भाभीची मेहरबानी."

हे बोलून ते हसले आणि मी भांड्यांकडे वळले, कारण भाभीचं नाव निघालं होतं. भाभी म्हणजे शेजारीण. तिच्या घरच्यांचं समोर किराणा दुकान आहे. ती मला भाभी म्हणते, मी तिला भाभी म्हणते, म्हणजे म्हणत होते. उन्हाळ्यापासून आमचं बोलणं बंद होतं. तिच्या गच्चीवरची टाकी भरली की वरचं पाणी पाइपातून आमच्या अंगणात पडायचं. मी घरी शिवणकाम करते. लग्नसराईत अस्तराचं कापड धुऊन दोरीवर टाकलं होतं, त्यावर ते शेवाळलेलं पाणी पडलं. मी बोलले. ती म्हणाली, टाकी आमची गळतच नाही. मी अजून बोलले. तिनं दार लावून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या दुकानातून साखरसुद्धा आणत नव्हते. चौकापर्यंत चालत जायचे, पण तिच्याकडून नाही.

तर ते रोप राहिलं. पावसाळा सरला तशी त्याला जी वाढ सुटली ती बघण्यासारखी होती. मी कापडाच्या चिंध्यांनी त्याला भिंतीवरच्या खिळ्यांना बांधत गेले. लाल, पिवळ्या, जरीच्या काठाच्या, मशीनखाली पडलेल्या सगळ्या चिंध्या त्याच्या अंगावर गेल्या. मामाजी म्हणायचे, नवरी दिसून राहिली. नवरी भिंतीएवढी झाली आणि मग भिंत ओलांडून पलीकडे झुकली. तिकडे ऊन जास्त होतं ना.

फळं धरली ती बाजारातल्यासारखी गुळगुळीत नव्हती. चपटी, भोपळ्यासारख्या शिरा असलेली, आणि आंबट. मामाजींनी पहिलं फळ धोतराला पुसून तसंच खाल्लं आणि डोळे मिटून घेतले. "हे गावरान होय," ते म्हणाले. "आमच्या बांधीच्या धुऱ्यावर असेच होत जात. आता कोनी लावत नाही." बांधी म्हणजे धानाचं शेत आणि धुरा म्हणजे त्याचा बांध. त्या दिवशी मी गॅसवर चार फळं भाजून लसूण-मिरचीबरोबर चटणी वाटली. भात कमी पडला.

गंमत अशी होती की आमच्या बाजूला फळं थोडी आणि तिच्या बाजूला पुष्कळ. एके सकाळी मी भांडी घासत असताना भिंतीपलीकडे पानं सळसळली. मी उभी राहिले. भाभी ओच्यात टमाटर तोडून घेत होती.

इतक्या महिन्यांत आम्ही पहिल्यांदा एकमेकींकडे सरळ बघितलं.

"भाभी, वो हमारे टमाटर हैं," मी म्हटलं.

"आपके कैसे? लटक तो हमारी तरफ रहे हैं।"

"जड़ तो हमारी तरफ है।"

"और पानी?" ती तावातावानं म्हणाली, "पानी तो हमारी टंकी का ही पीता है ना?"

बोलून गेली आणि मग तिच्याच लक्षात आलं. मी काही बोलायच्या आधी मामाजी खुर्चीत असे हसले की त्यांना ठसका लागला. टाकी गळते हे भाभीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. तिचा चेहरा टमाटरासारखाच झाला. मलाही हसू येत होतं, पण मी ते दाबलं.

"दोघी बी ऐका," मामाजी म्हणाले. "आमच्या धुऱ्यावर आंबा होता. बुड आमच्याकडं, फांद्या शेजाऱ्याच्या बांधीवर. जेवढं ज्याच्यावर लोंबते तेवढं त्याचं. माझ्या बापानं अन् त्या शेजाऱ्यानं जनमभर तसंच खाल्लं."

"झगड़ा नहीं किया?" भाभीनं विचारलं.

"केला नं. पन आंब्यावरून नाही. बाकीच्या गोष्टीवरून केला."

ती ओच्यातले टमाटर घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक वाटी झाकून ठेवलेली दिसली. टमाटरचं गोड लोणचं होतं. मी वाटी धुतली आणि त्यात आमची चटणी भरून परत ठेवली. बोलणं असं काही झालं नाही. पण मी साखर तिच्या दुकानातून आणायला लागले.

दिवाळी झाली. गावोगावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, भरायला लागल्या आणि मामाजी बेचैन झाले. धान कापणीला आलं होतं, गावात मंडईचं नाटक होणार होतं आणि ते इथे खुर्चीवर. लग्नाचे ब्लाउज घेऊन मी फुलचूरला गिऱ्हाइकाकडे निघाले तेव्हा ते भेदराच्या झाडाकडे तोंड करून बसले होते. "जा तू. मी आहे इथं," असं ते म्हणाले होते.

मी गाडी लावून घरात आले तर मागच्या अंगणातून दोघांचा आवाज येत होता, मामाजींचा आणि भाभीचा. पळतच गेले. झाड जमिनीवर पडलं होतं. बुडापासून उपटलं होतं आणि खोड चिरडलं होतं. हिरवी फळं अर्धवट चावून सगळीकडे फेकली होती. माझ्या जरीच्या चिंध्या भिंतीवर लोंबत होत्या.

"वांदरं आले," मामाजी म्हणाले. "आठ-दहा होते. भिंतीवरून आले अन् सरळ याच्यावरच बसले. मले उठता आलं नाही पटकन. मी चप्पल फेकली."

"मग?"

"चप्पल हिच्या गच्चीवर गेली."

भिंतीपलीकडे भाभी हातात काठी घेऊन उभी होती. "मैं दुकान से भागी भागी आई," ती म्हणाली. "एक तो इतना मोटा था भाभी, मुझे देखकर दाँत दिखा रहा था। टमाटर खाके मेरे ही ऊपर फेंका।" तिच्या खांद्यावर खरंच टमाटराचा डाग होता. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. एका मोरीतल्या झाडासाठी कुणी रडेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मी झाडू आणला. फांद्या गोळा करून कचऱ्यात टाकायच्या, दुसरं काय करणार. एक चावलेलं पिकलं फळ मी बाजूला ठेवलं. म्हटलं, बी तरी राहील.

"बी टाकशील तर उन्हाळ्यात फळ धरन," मामाजी म्हणाले. "गोंदियाच्या उन्हात काय राहते मंग? थे फांदी दे इकडं."

मी एक फांदी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून ती डोळ्यांजवळ धरली आणि मला बोलावलं. खोडाच्या खालच्या भागावर बारीक पांढुरके फोड होते, अंगावर घामोळं यावं तसे. मी इतके महिने त्याला चिंध्या बांधल्या, पण ते कधी बघितले नव्हते.

"ह्या मुळ्या होत. बाहेर याले पाहून राहिल्या. रताळ्याचा वेल तोडून लावतो का नाही आपन? मंग याचं काऊन नाही होनार?"

"तुम्ही कधी लावलंय असं?"

"नाही," मामाजी म्हणाले. "पन आता रिकामाच आहो."

मोगऱ्याची फांदी मी माहेरी लावली होती, गुलाबाचीही. पण त्या कडक फांद्या. ही तर कोथिंबिरीच्या काडीसारखी लुसलुशीत. तरी मी बसले. मामाजींनी कैची मागितली. मी नाही म्हटलं. कापडाच्या कैचीनं मी कागदसुद्धा कापू देत नाही, धार जाते. "झाड मरून राहिलं अन् हिले कैचीची पडली," ते भाभीला म्हणाले. शेवटी त्यांच्याच दाढीचं नवं ब्लेड आणलं.

वरचे धडधाकट शेंडे निवडायचे, वीतभर, आणि पानाच्या बेचक्यातून फुटलेले कोवळे फुटवे. खालची पानं काढून टाकायची म्हणजे पाण्यात पान बुडायला नको, नाहीतर सडेल. आणि फुलं, कळ्या, बारीक फळं सगळी खुडायची. हे मामाजींनी विचार करून सांगितलं. "लेकरं अंगावर असले तर मुळ्या कशा सोडन थे?" भाभी आता भिंतीवरून नाही, चक्क आमच्या दारानं आत आली होती आणि माझ्या बाजूला पाटावर बसली होती. फुलं खुडायला तिचा जीव होईना. पिवळं फूल बोटांत धरून ती म्हणायची, "एक तो रहने दो।" मग मी खुडायचे.

निम्मे शेंडे तिनं नेले, निम्मे मी ठेवले. दुकानातल्या गोळ्या-बिस्किटांच्या रिकाम्या बरण्या तिनं दिल्या. मी माझ्या बरण्या मशीनजवळच्या खिडकीत ठेवल्या, उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा. संध्याकाळी मी त्यांच्याकडे बघून बरी झोपले.

सकाळी बघते तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. शिजवलेल्या पालकासारखी गत. भिंतीपलीकडून भाभीचा आवाज आला, "भाभी, आपके भी मर गए क्या?"

"मेले नाही," मामाजी खुर्चीवरून म्हणाले. "धानाचे पऱ्हे उपटून रोवतो, तवा थे बी पिवळे पडते अन् झोपते. मंग उठते. दम धरा थोडा."

नर्सरीतून उपटून चिखलात लावलेलं धानाचं रोप खरंच तसं दिसतं, हे मीही बघितलं होतं. म्हणून दम धरला. दोन-तीन दिवसांत शेंडे वर झाले. पण त्याच सुमारास थंडी पडली. आमच्याकडची थंडी एकदा आली की बोलायची सोय नसते, पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात. आणि माझ्याकडे लग्नाची कामं. एका घरची नवरी, तिच्या आत्या, मावश्या, सगळ्यांची मापं एकदम. बरण्यांचं पाणी बदलायचं राहून गेलं. एक दिवस मशीनवर बसले तर कसलातरी वास यायला लागला. बघितलं तर पाणी गढूळ, काड्या खालून काळ्या, हात लावला की सालच हातात येत होती. एकही वाचली नाही.

मी बरण्या मोरीत ओतल्या. मामाजी म्हणाले, "तुझ्या भाभीचं पाहून ये काय झालं," आणि भिंतीकडे हात केला. मी म्हटलं, असू द्या. भाभीकडचं जगलं असेल तर बरंच आहे, पण मला ते बघायला जायचं नव्हतं. इतक्या दिवसांनी बोलणं सुरू झालेल्या माणसाच्या दारात रिकाम्या हातानं कसं उभं राहायचं?

मला जायची गरज पडली नाही. त्याच दुपारी पुढच्या दाराची कडी वाजली. भाभी उभी होती. दोन्ही हातांत बरणी, छातीशी धरलेली, वर शाल गुंडाळलेली. "ठंड लग जाती ना," ती म्हणाली. शाल काढली आणि बरणी उजेडाला धरली.

आत पांढऱ्या मुळ्या होत्या. भरपूर, एकमेकींत गुंतलेल्या, शेवयांसारख्या. मी खूप वेळ बघतच राहिले. ज्या काडीला काही नव्हतं तिनं पाण्यातून, नुसत्या पाण्यातून हे केलं होतं.

"कसं केलं तुम्ही?" मी मराठीतच विचारलं.

"कुछ नहीं किया। रोज पूजा का लोटा भरती हूँ तो इनका भी पानी बदल देती थी। रात को रसोई में गैस के पास रख देती थी।" मग ती जरा लाजून म्हणाली, "आपके बाबूजी भिंत से रोज पूछते थे ना, आज क्या हुआ, आज क्या हुआ। तो डर से करना पड़ता था।"

मी मागे वळून मामाजींकडे बघितलं. ते पेपर वाचायला लागले होते.

"तुमचे सगळे लागले?" मी विचारलं.

"लगभग सब। ये आधे आपके हैं।"

"असं कसं? माझे तर मी मारले."

"तो क्या हुआ? पेड़ तो आधा-आधा था ना।"

मी तिला आत बसवलं आणि चहा ठेवला. तिनं मशीनवरचं नवरीचं ब्लाउज बघितलं, पाठीवरची नक्षी बघितली, आणि म्हणाली की उन्हाळ्यापासून तिचं कापड तसंच पडलंय, दुसऱ्या कुणाकडे टाकवलं नाही. मी म्हटलं, उद्याच आणा.

पुढचं सगळं मामाजींनी हातात घेतलं. मंडईला ते दिरासोबत गावी गेले, नाटक बघितलं आणि येताना पोतंभर जुनं शेणखत आणि बांधीची माती घेऊन आले. भाभीनं दुकानातले तेलाचे रिकामे पिपे दिले. माझ्या नवऱ्यानं त्यांना खालून भोकं पाडली. मामाजींनी रोपं लावताना खोड खूप खोल घातलं, वरची थोडी पानंच बाहेर ठेवली. मी म्हटलं, अहो पुरून टाकलं तुम्ही. ते म्हणाले, "मातीत जेवढी काडी, तेवढ्या मुळ्या. वरचं काय, थे आपोआप वाढते." मग मातीवरून हात असा फिरवला, जसा लेकराच्या पाठीवरून फिरवतात.

प्रश्न होता ठेवायचं कुठे. ऊन आमच्या गच्चीवर आणि माकडंही तिथेच. मी जुन्या मच्छरदाण्या काढल्या आणि एका रविवारी बसून प्रत्येक पिप्यासाठी मापाचं कवच शिवलं, वर नाडी, खाली दगड बांधायला गाठ. भाभी गच्चीवर आली, बघितलं आणि हसून हसून खालीच बसली. "अरे, सबको ब्लाउज पहना दिया!" माकडं आली. कठड्यावर बसून त्या पांढऱ्या आकारांकडे बराच वेळ बघत राहिली. एकानं जवळ येऊन जाळी ओढली, नाडी हातात आली तेव्हा तोच दचकला आणि सगळी पलीकडच्या पिंपळावर गेली. परत आली नाहीत असं नाही, पण जाळीला हात लावला नाही.

आणि मामाजी जिना चढायला लागले. कुणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी कठड्याला धरून, मध्ये दोनदा थांबून. "पानी कोन टाकन?" असं स्वतःशीच बडबडत. मग रोज सकाळी, मग संध्याकाळीही. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला आणि कोणता व्यायाम करता म्हणून विचारलं. मामाजी म्हणाले, "भेदरे लावले." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

संक्रांत झाल्यावर फुलं आली आणि या वेळी कुणी खुडली नाहीत. ऊन वाढायला लागलं तसं पहिलं फळ लाल झालं. मामाजींनी ते भाभीच्या समोर तोडलं. तसंच चपटं, तशाच शिरा. चिरून तिघांनी खाल्लं आणि तशीच आंबट झिणझिणी जिभेवर आली. मला वाटलं होतं, हे त्या झाडाचं लेकरू आहे, थोडा तरी फरक असेल. पण फरक कुठून येणार? बी पडून नवं उगवलेलं नव्हतंच हे. तेच झाड होतं. माकडांनी उपटलेलं, आम्ही ब्लेडनं कापलेलं आणि आता सात-आठ पिप्यांमध्ये उभं असलेलं. भाभीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मतलब मरा ही नहीं।"

महाशिवरात्रीला आम्ही सगळे नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला गेलो. परत येऊन गच्चीवर फराळाला बसलो. दुसऱ्या दिवशी उपवास सुटला तेव्हा भाभीनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले, मी भाजलेल्या टमाटरची चटणी. तिच्या नवऱ्यानं वडा खाता खाता सहज सांगितलं की टाकीला त्यानं नवीन व्हॉल्व्ह बसवलाय, आता पाणी वाया जात नाही. मामाजींनी फक्त अजून एक वडा घेतला.

होळीच्या आधी मामाजी गावी परत गेले. एसटीपर्यंत चालत गेले, काठी न घेता. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः फुटवे कापले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि पिशवीत वर ठेवले, कपड्यांच्याही वर. एसटीत भाभीनं त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. "बाबूजी, रस्ते में इनको भी पिलाना।"

आता ते विहिरीजवळच्या सावलीत भेदरे लावून बसले आहेत. फोन मीच करते. परवा केला तर मागे रहाटाचा आवाज येत होता.

"काय करून राहिले, मामाजी? लागले का सगळे?"

"लागले नं. मोठी सून म्हनते, मले बी शिकवा. तिले बसवलं आता पानं काढाले. फुलं खुडून नाही राहिली थे बी."

"मग?"

"मंग काय? मी खुडतो. तू फोन ठेव, बाई, माझे हात ओले आहेत."